'पळालात' या शब्दाबद्दल

'एक वाचक' यांस,

'स्टार वॉर्स गॅलक्सीज' या ऑनलाइन खेळातलं आमचं शहर, ज्याचा मी मेयर होतो, ते २००५ साली दुसऱ्याच्या हाती कसं दिलं, त्या लेखाखाली आपण प्रतिक्रिया टाकलीत. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काटछाट केली असं कुणी म्हणायला नको.

"काका, निवडणूक दोन नाही, तीन आठवड्यांनी व्हायची. गावकऱ्यांना विचारलंत का? तिजोरीचा हिशोब दिलात का? खरं सांगू, तुम्ही शहर सोपवलं नाहीत, टाकून पळालात. आता टाऊनीमध्ये एका कमांडने मेयर बदलतो, त्याचं एवढं पुराण कशाला?"

(टाऊनी म्हणजे माइनक्राफ्ट खेळात गावं वसवायची जोडणी.) पहिलं मान्य. तीनच आठवडे. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. चूक दाखवली की मी सुधारतो, एवढं तरी आपल्या लक्षात यावं.

आता 'काका'. वय काढायची गरज नव्हती. मुद्दा असेल तर मुद्दा मांडावा. सत्तेचाळीस हे काही काठी टेकायचं वय नाही, आणि आपलं वय काय ते आपण लिहिलेलं नाही. नावही नाही. असो.

पण 'पळालात'? हा शब्द लिहिताना आपल्याला काय माहीत होतं? हे शहर उभं करायला काय लागलं ते माहीत होतं? खेळ २००३च्या जूनमध्ये आला, शहरं वसवायची सोय त्या वर्षाच्या अखेरीस. मी तेव्हा न्यूजर्सीत, एडिसनला, दोन रूममेट आणि एक डुगडुगतं टेबल. खेळातल्या डॅन्टुईन ग्रहावर जागा शोधण्यात तीन रात्री घालवल्या, कारण सपाट जमीन नसली तर सिटी हॉल बसतच नाही. नुसता सिटी हॉल टाकून भागत नव्हतं. माणसांनी येऊन घरं बांधायची, तिथले रहिवासी म्हणून नोंद करायची, आणि माणसं किती यावर शहराची श्रेणी ठरायची. माणसं घटली की श्रेणी खाली. दर आठवड्याला देखभालीचे पैसे तिजोरीतून जायचे, ते वेगळेच. कुणाच्या घराचा मेंटेनन्स संपत आला की मी त्याला निरोप धाडायचो. लग्नाच्या वर्‍हाडाला फोन करावेत तसे. एकदा ओहायोतल्या एका खेळाडूला पहाटे दोनला उठवलं होतं. तो चिडला, पण पैसे भरले.

तेव्हा 'पळणं' म्हणजे काय, हे दीड वर्ष घरं मोजत बसलेल्या माणसाला शिकवू नये.

१५ नोव्हेंबर २००५ आपल्याला आठवतो का? (खेळला असाल तर आठवेल.) त्या दिवशी खेळाचा पायाच बदलला. पात्रांना निवडायला तिसावर व्यवसाय होते, त्यांचे नऊ उरले. वर्षभर खपून कमावलेली कौशल्यं एका रात्रीत बाद झाली. नवी विस्तार आवृत्ती विकून जेमतेम दोन आठवडे झाले होते, तिचे पैसे लोकांना परत करावे लागले. आमच्या रस्त्यावर मी स्वतः चालत गेलो होतो. डावीकडे एका सुताराचं दुकान. विक्रेता दाराशी उभा, माल शून्य. पुढे एका डॉक्टरबाईंचं घर, आत दिवा, सोफा, भिंतीवर शिकारीची शिंगं, आणि मालकीण खेळ सोडून गेलेली. अशी घरं देखभालीचे पैसे संपेपर्यंत उभी राहायची, मग जायची. अशा वेळी मेयर राहिला काय आणि गेला काय, हे खुर्चीत न बसलेल्याने ठरवू नये.

तरीही मी उत्तराधिकारी शोधला. कँटिनात नाचणारी एक खेळाडू होती, कधी कुणाशी भांडली नाही, रोज यायची. तिला म्हटलं, पॉलिटिशियनचं पहिलं कौशल्य घे आणि उभी राहा. ते घेतल्याशिवाय उभं राहताच यायचं नाही, आणि राजकारणाचा पुढचा अनुभव मिळायचा तो मेयर झाल्यावर. म्हणजे नवा माणूस नेहमी कच्चाच बसायचा. उरलेल्यांना मी एकेक करून सिटी हॉलमधल्या मतदानाच्या टर्मिनलपाशी आणलं. ती निवडून आली. मतदान संपलं तेव्हा मी नव्हतो, हे खरं आहे. आठ दिवस आधीच खेळ उघडायचा बंद केला होता. पण हे मीच लेखात लिहिलंय! तेच वाक्य उचलून आपण मलाच आरोपी केलंत.

आमच्या घरात पदं सोडायची रीत मला लहानपणापासून माहीत आहे. वडील डोंबिवलीत सोसायटीचे सेक्रेटरी होते, एकोणीस वर्षं. सोडलं त्या रविवारी त्यांनी स्टीलचं कपाट उघडून मिनिट बुक, सभासद रजिस्टर, सिंकिंग फंडाच्या पावत्या, पाण्याच्या टाकीची किल्ली, सगळं नव्या सेक्रेटरीसमोर मांडलं आणि यादीवर सही घेतली. नंतर सहा महिने तो माणूस रोज आमच्याकडे चहाला यायचा, कारण टाकीचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा हे यादीत नव्हतं. वडील चप्पल घालून खाली उतरायचे, गच्चीवर जायचे, फिरवून दाखवायचे. अशा घरातल्या मुलाला 'टाकून पळालात' म्हणताना जीभ अडखळायला हवी होती.

गावकऱ्यांना विचारण्याबद्दल: मतदान झालं, आणखी काय विचारायचं? हिशोबाचा विषय इथे अप्रस्तुत आहे. खेळातले पैसे होते, कुणाच्या घरचे नव्हते.

एका कमांडचं म्हणाल, तर ती मीही वापरतो. भाच्याच्या मित्रांच्या माइनक्राफ्ट सर्व्हरवर मला बळेच गावात घेतलंय. टाऊनीत मेयरने एक ओळ टाइप केली की पद गेलं, कबूल. पण गावाच्या बँकेतून रोजचा खर्च कापला जातो, ती रिकामी पडली की गाव मोडीत निघतं, आणि बँकेत पैसे कोण टाकतं हे ती ओळ नव्या मेयरला सांगत नाही. एका माणसाच्या हातात एक बटण असलं की काय होतं ते 'ईव्ह ऑनलाइन'वाल्यांना विचारा. फेब्रुवारी २००९ मध्ये 'बँड ऑफ ब्रदर्स' ही त्या खेळातली बलाढ्य आघाडी तिच्याच एका फितूर संचालकाने विसर्जित करून टाकली. लढाई नाही, मतदान नाही. सकाळी लोक उठले तेव्हा आघाडीचं नावही आपलं उरलं नव्हतं. सोपं म्हणजे चांगलं असतं तर ही वेळ आली नसती. माझ्या पुराणात तेच होतं, आपण तिथवर वाचलं नसावं.

आणि एक. लेखात नाही, पण आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. निवडून आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्या नव्या मेयरचा, कँटिनात नाचणारीचा, मेल आला होता. कुणाच्या घराचा मेंटेनन्स कधी संपतो त्याची माझी एक्सेल फाइल तिला हवी होती, आणि तिजोरीत दर आठवड्याला किती टाकायचे ते. मी उत्तर दिलं. मार्चमध्ये दिलं, कारण मध्ये घर बदललं, नोकरीची धावपळ होती, पण दिलं. फाइल जोडली होती. त्यावर तिचं पुढे काही आलं नाही.

पुढची प्रतिक्रियाही जरूर लिहा, छापेन. 'काका' मात्र गाळून.