फॉरवर्डमधलं लिंकनचं अर्धं पत्र

गेले पंधरा दिवस आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला एकट्यालाच सात वेळा आलाय, त्यातला एकदा माझ्या सख्ख्या मेव्हण्याकडून. मेसेज थोडक्यात असा: हल्ली काही शाळांत अमेरिकेतलं यादवी युद्ध, म्हणजे दक्षिणेकडची राज्यं संघराज्यातून फुटली आणि उत्तरेशी लढली ते, जुनी पत्रं, भाषणं नि फोटो दाखवून शिकवतात ते बंद करा, कारण ते युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही, कर आणि राज्यांचे हक्क यावरून झालं, खुद्द तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष लिंकननेच तसं लिहून ठेवलंय, शिवाय इतिहास जिंकणारे लिहितात म्हणून कागद सगळे एकतर्फी, मुलांना कागद कळत नाहीत, प्रेतांचे फोटो बघून पोरं घाबरतात, आणि कोकणातल्या पोरांना त्या अमेरिकेशी काय देणंघेणं.

मी देवगडकडच्या एका हायस्कूलात नववीला इतिहास शिकवतो आणि शनिवारच्या अर्ध्या शाळेत नेमका हाच उद्योग करतो, म्हणजे बाण माझ्यासारख्यांवरच आहे, तेव्हा उत्तर देणं आलं.

पहिला मुद्दा लिंकनचा. मेसेजमध्ये त्याचं वाक्य दिलंय की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आलं तर मी तसंच करीन. वाक्य खरं आहे, 22 ऑगस्ट 1862 ला त्याने होरेस ग्रीली नावाच्या संपादकाला लिहिलेल्या पत्रातलं. मी हा मेसेज तसाच्या तसा फळ्यावर लिहिला आणि गप्प बसलो. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, ह्यां पत्र अर्धांच आसा काय?" अर्धंच आहे बाबा! त्याच परिच्छेदात पुढे आहे की सगळ्यांना मुक्त करून संघराज्य वाचत असेल तर तेही करीन, आणि पत्राच्या शेवटी आहे की सगळीकडचे सगळे लोक स्वतंत्र असावेत ही माझी स्वतःची इच्छा आहे आणि ती मी बदललेली नाही. आणि तारीख बघा ना, त्याच्या आधी महिनाभर, 22 जुलैला, त्याने गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता आणि पत्रानंतर बरोबर महिन्याने, 22 सप्टेंबरला, प्राथमिक जाहीरनामा काढला. म्हणजे माणूस राजकारणी होता, शब्द तोलून वापरत होता, हे पण मुलांना दिसू दे की. म्हणजे गंमत अशी की जुने कागद दाखवू नका म्हणणाऱ्या मेसेजचा सगळा भार एका जुन्या कागदावरच आहे, फक्त तो कातरीने कापलेला.

आता कर आणि हक्क. दक्षिण कॅरोलिना सगळ्यात आधी, 20 डिसेंबर 1860 ला संघराज्यातून फुटली आणि चारच दिवसांनी तिने फुटण्याची कारणं जाहीर केली. त्या कागदात आयात कराचा शब्द शोधून दाखवायचा असा मी वर्गात खेळ लावला होता, वेळ संपला पण सापडला नाही, कारण तो नाहीच. तक्रार काय आहे तर उत्तरेकडची राज्यं पळून गेलेले गुलाम परत करत नाहीत, ते परत करू नयेत म्हणून आपापल्या विधिमंडळात कायदे करतात, न्यूयॉर्कमधून तर गुलामाला नुसतं घेऊन जाऊसुद्धा देत नाहीत. म्हणजे बघा, राज्याचा हक्क उत्तरेकडची राज्यं वापरतायत आणि दक्षिण त्याबद्दल ओरडतेय. मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही, आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्ण जोडलेली आहे असं सुरुवातीलाच लिहिलंय. जॉर्जियाच्या कागदात आयात कराचा जुना इतिहास येतो हे मान्य करतो, पण तोही मिटलेलं भांडण म्हणून. आणि 1860 मध्ये चालू असलेला कर होता 1857 चा, कमी दराचा. जो जड कर म्हणून मेसेजवाले सांगतात त्यावर सही झाली 2 मार्च 1861 ला, तोवर सात राज्यं बाहेर पडली होती.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो मात्र दोन राज्यघटनांचा तास. अमेरिकेच्या मूळ घटनेत पळालेल्या गुलामांचं कलम आहे पण गुलाम हा शब्दच नाही, "सेवेला किंवा श्रमाला बांधलेली व्यक्ती" असं गुळमुळीत लिहिलंय. शेजारी मार्च 1861 मधली फुटलेल्या दक्षिणेची घटना ठेवायची, तिच्यात सरळ लिहिलंय की निग्रो गुलामांवरचा मालकी हक्क नाकारणारा कायदा करता येणार नाही. पोरांनी स्वतःहून विचारलं की पहिल्यांनी शब्द का लपवला आणि दुसऱ्यांना लपवावासा का वाटला नाही. हा प्रश्न पाठ्यपुस्तकाखालच्या स्वाध्यायात मला तरी कधी दिसला नाही.

जिंकणारे इतिहास लिहितात, हे वाक्य आपल्याकडे कुणीही कुठेही फेकतं. इथे वर सांगितलेले फुटण्याचे कागद आणि दक्षिणेची घटना, हे सगळं हरलेल्यांचं आहे, आणि हरायच्या आधीचं. दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स 21 मार्च 1861 ला सव्हाना गावात जाहीर भाषणात म्हणाला की आमच्या नव्या सरकारची कोनशिलाच ही, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. तोच माणूस युद्ध हरल्यावर दोन जाडजूड खंड लिहून सांगायला लागला की भांडण घटनेच्या अर्थावरून होतं. हरलेल्यांनी पण भरपूर इतिहास लिहिला, आणि आपला हा मेसेज त्याच्याच उष्ट्यावर जगतोय.

मुलांना कागद कळत नाहीत म्हणे. इथे थोडं माझंही चुकलंय, पहिल्या वर्षी मी आठ पानं इंग्रजी झेरॉक्स वाटल्या आणि बाहेर पाऊस, लाइट गेलेली, अर्धा वर्ग झोपला. आता एका वेळी एकच परिच्छेद, मराठी मी करतो, मूळ शेजारी ठेवतो, आणि माझ्या मराठीत चूक काढणाऱ्याला शाबासकी. पण कोकणातल्या पोराला कागद कळत नाही हे कुणी बोलावं? आमच्याकडे एका सातबाऱ्यावर बत्तीस नावं असतात, फणसाच्या एका झाडावरून तीन पिढ्या कोर्टात जातात, घराघरात ट्रंकेत फेरफार नि खोताच्या वेळच्या पावत्या असतात, आणि आजी लिहिता येत नसताना सांगते की काका म्हणतो ते सोड, फेरफार बघ. कागद कुणी केला, कधी केला, सही कुणाची, फायदा कुणाचा, हे या पोरांना शिकवावं लागत नाही, फक्त अमेरिकेपर्यंत न्यावं लागतं.

यासाठी एक पत्र हुकमी आहे. जॉर्डन अँडरसन नावाचा टेनेसीचा पूर्वीचा गुलाम, मुक्त झाल्यावर ओहायोतल्या डेटनला राहायला गेला, जुन्या मालकाने परत कामाला बोलावलं, तर 7 ऑगस्ट 1865 ला त्याने दुसऱ्याकडून उत्तर लिहून घेतलं. येतो की, पण आधी मागची मजुरी पाठवा: माझी 32 वर्षांची महिना 25 डॉलरने, बायको मँडीची 20 वर्षांची आठवड्याला 2 डॉलरने, एकूण 11,680 डॉलर, त्यातून आमचे कपडे, मला बघायला तीनदा आलेला डॉक्टर आणि मँडीचा एक दात उपटल्याचे पैसे वजा करा. पोरांनी गुणाकार करून बघितला, हिशोब चोख आहे. मग एकीने विचारलं की त्याने स्वतः लिहिलं नाही तर यातले शब्द कुणाचे, आणि तिथून गाडी थेट तिच्या पणजीवर गेली, पणजोबा मुंबईला गिरणीत आणि पणजीची पत्रं पोस्टमन लिहायचा, तर पणजी खरंच तसं बोलायची का. त्या दिवशी पुढचं काही शिकवलं नाही.

प्रेतांच्या फोटोंबाबत मेसेज निम्मा बरोबर आहे, सातवी-आठवीला मी ते दाखवत नाही. नववीला एकच दाखवतो, गेटिसबर्गच्या लढाईचा, जुलै 1863, दगडांच्या आडोशाला पडलेला दक्षिणेचा सैनिक. पुढे शंभरेक वर्षांनी उघड झालं की फोटोग्राफर अलेक्झांडर गार्डनरच्या लोकांनी ते प्रेत दुसरीकडून तिथे आणून ठेवलं होतं, फोटो जास्त चांगला यावा म्हणून. हे कळल्यावर पोरांना भीती नाही, राग येतो. त्यानंतर ग्रुपवर आलेल्या फोटोकडे ती वेगळ्या नजरेने बघतात, कदाचित मेसेजवाल्यांची खरी अडचण तीच असेल.

राहिला संबंध. लिंकनने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला, त्यांनी आपल्याकडचा कापूस चढ्या भावाने उचलला, आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. 1865 मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला, कापसाचा बडा व्यापारी प्रेमचंद रायचंद बुडाला, आणि राजाबाई टॉवर त्याच्याच देणगीतला. ज्या मुंबईत नंतर आमच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्याची माणसं गिरणीत ढिगाने गेली तिच्या वाढीत हा पैसा आहे. आणि महात्मा फुले? युद्ध संपल्याला आठ वर्षं होत होती तेव्हा, 1873 मध्ये, त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. मागच्या शनिवारी ते पान वाचलं. पुस्तक मराठी, पण अर्पण आणि एक प्रस्तावना इंग्रजीत, असं का? एक गट म्हणाला अमेरिकेला कळावं म्हणून, दुसरा म्हणाला छे, इथल्या साहेबाला ऐकू जावं म्हणून. भांडण चालू असतानाच घंटा झाली आणि एस्टी चुकेल म्हणून सगळी पळाली, या शनिवारी तिथूनच पुढे.