बीडीडी चाळींबाबत फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

बीडीडी चाळी म्हणजे मुंबईत ब्रिटिश काळात सरकारी खात्यानं बांधलेल्या, एका खोलीच्या घरांच्या चाळी. 'बीडीडीच्या जागा बिल्डरच्या घशात गेल्या, चाळकऱ्यांना झोपडपट्टी योजनेसारखं 300 फुटांचं घर देऊन गप्प बसवलं' असा मेसेज पुन्हा फिरतो आहे. लोअर परळ स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींचा त्यात खास उल्लेख आहे.

300 चौरस फूट हे झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेचं माप. इथं ती योजना नाहीच. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तिन्ही ठिकाणी पुनर्विकास म्हाडा, म्हणजे राज्य सरकारची गृहनिर्माण संस्था, करते आहे, त्यासाठी विकास नियमावलीत 33(9)(ब) असा स्वतंत्र नियम आहे. पात्र भाडेकरूला 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं घर मिळतं, मालकी हक्काचं आणि मोफत. टाटा, एल अँड टी, शापूरजी ही नावं ऐकून लोक बिचकतात. पण त्या कंपन्या इथं कंत्राटदार आहेत, जमीन त्यांच्या नावावर झालेली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या, हेही मेसेजमध्ये सोयीस्करपणे गाळलंय.

बाजारात विकायच्या घरांच्या इमारती मात्र उभ्या राहणार, हे खरं. मोफत घरांचा खर्च त्यातूनच निघायचा आहे. श्रीमंत आणि चाळकरी एकाच आवारात, पण वेगवेगळ्या इमारतींत राहणार. त्यावर वाद घालायचा तर जरूर घालावा.

शिवडीच्या बीडीडी चाळी वेगळ्या. ती जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाची (पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची), त्यामुळे वरचं काही तिथं लागू धरू नका.