घर सोडलं म्हणून पोटगी बुडत नाही

‘नवीन कायदा! स्वतःहून घर सोडणाऱ्या बायकोला पोटगी नाही. शिकलेल्या बायकोला नाही. घटस्फोट झाला की हक्क संपला. मिळालीच तर पगाराच्या पंचवीस टक्के.’ व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर माझ्या मामीपर्यंत पोहोचला. तिने तो खरा मानून लेकीला वकिलाकडे जाऊ दिलं नाही. “तूच निघून आलीस, आता कोण काय देणार?” एवढं ऐकल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

नवीन कायदा म्हणाल, तर १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पोटगीच्या कलम १२५ चं कलम १४४ झालं. हक्क होता तसाच आहे.

आता घर सोडण्याचं. पत्नी ‘पुरेशा कारणाशिवाय’ नवऱ्यासोबत राहायला नकार देत असेल तर पोटगी नाही, असं कलम सांगतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ती अटच गाळून टाकली! मार खाऊन, हुंड्यासाठी छळ सोसून बाहेर पडलेल्या बाईकडे कारण नाही, असं कोण म्हणेल? नवऱ्याने दुसरं लग्न केलं किंवा दुसरी बाई ठेवली, तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे, हे तर कायद्यातच लिहिलेलं आहे.

त्याहून पुढचं ऐका. झारखंडच्या एका प्रकरणात पत्नीने नांदायला परत यावं असा हुकूमनामा नवऱ्याने कोर्टातून मिळवला होता. ती गेली नाही. धनबादच्या कुटुंब न्यायालयाने तिला महिना १०,००० रुपये मंजूर केले होते, ते उच्च न्यायालयाने रद्द केले. १० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा लागू केले. सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि न्यायमूर्ती संजय कुमार यांनी सांगितलं की असा हुकूमनामा असून ती परतली नाही, एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. ती का परतली नाही ते पाहावं लागतं. या बाईचा गर्भपात झाला तेव्हा नवरा तिला बघायलासुद्धा गेला नव्हता. घरातलं शौचालय वापरू देत नव्हते. अशा घरी परत जा म्हणायचं?

शिकलेल्या बायकोबद्दल थोडं मान्य करावं लागेल. तिची कमाई हिशोबात धरली जाते, आणि कमावण्याची क्षमता असून मुद्दाम घरी बसणाऱ्या पत्नीला न्यायालयांनी पोटगी नाकारल्याचीही उदाहरणं आहेत. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तसा निर्णय दिला. पण कमावू शकणं आणि प्रत्यक्ष कमावणं वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयाने आधीच स्पष्ट केलं आहे. दहा वर्षं चूल-मूल सांभाळलेल्या बाईची पदवी पगार देत नाही.

घटस्फोटानंतर? पुनर्विवाह केला नसेल तर हक्क राहतो, कलमातच आहे. पंचवीस टक्क्यांचा आकडा २०१७ च्या एका प्रकरणातला. तो सगळ्यांना लागू होणारा दर नाही.

सगळ्यात मोठं नुकसान उशिराने होतं. ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. तो खटला आपल्या नागपूरचाच. अर्ज २०१३ चा, अंतरिम आदेश २०१५ चा, पैसे मात्र २०१३ पासूनचे. फॉरवर्ड वाचून अर्जच केला नाही, तर ते महिने सहसा परत मिळत नाहीत. अर्ज सासरच्या गावीच करायला हवा असंही नाही, पत्नी राहते त्या जिल्ह्यात चालतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.