दुर्बीण रोखली तरी आकाश वळतंच

सांगलीतल्या आकाशप्रेमींच्या आणि बीएस्सीच्या मुलांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: रेडिओ दुर्बिणीने स्रोताचा अचूक पाठलाग केला की पॅरॅलॅक्टिक कोनाची (दुर्बिणीला आकाश किती वळलेलं दिसतं त्या कोनाची) दुरुस्ती लागत नाही, फीड (डिशवरचा संकेत टिपणारा भाग) वर्तुळाकार ध्रुवणाचं, म्हणजे कंपनाची दिशा गोल फिरणाऱ्या लहरी टिपणारं असेल तर नाहीच नाही, आणि करायचीच तर कॅलिब्रेशन (यंत्राच्या चुका मोजून काढणं) संपल्यावर करा. मुलं हे तसंच प्रकल्पात उतरवून घेताहेत, म्हणून लिहितो.

पाठलाग होतो तो एका बिंदूचा. थंडीत दंडोबाच्या डोंगरावर एक रात्र काढा. मृग उगवतो कुशीवर, मध्यावर येतो तेव्हा उभा असतो, मावळतो दुसऱ्या कुशीवर. ट्रायपॉडवरचा कॅमेरा सतत मृगावर रोखत राहिलात तरी चौकटीत तो वळतच जाणार. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशही अशाच आडव्या-उभ्या फिरतात, त्यामुळे फीडलाही आकाश वळताना दिसतं. माथ्याजवळ तर हे फार वेगाने होतं. रोहिणीचा ठळक तारा सांगलीत माथ्यापासून जेमतेम एक तृतीयांश अंशावरून जातो. मध्यावर येण्याआधीची पाच आणि नंतरची पाच, अशा दहा मिनिटांत त्याचा पॅरॅलॅक्टिक कोन सुमारे १५० अंशांनी बदलतो! नेदरलँड्समधल्या वेस्टरबोर्क दुर्बिणीच्या डिश इक्वेटोरियल माउंटवर (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणाऱ्या बैठकीवर) आहेत, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅस्कॅप दुर्बिणीच्या डिशना स्वतःभोवती वळण्यासाठी तिसरा अक्ष दिलाय. तिथे हे वळण यंत्रच सांभाळतं. आपल्याकडे गणिताने सांभाळावं लागतं.

वर्तुळाकार फीडबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. नुसती तेजस्विता मोजायची असेल तर जीएमआरटीसारख्या एका जागच्या दुर्बिणीत फरक पडत नाही, कारण सगळ्या डिशचा कोन जवळपास सारखाच असतो. पण रेषीय ध्रुवण (एकाच दिशेतलं कंपन) उजव्या आणि डाव्या वर्तुळाकार संकेतांमधल्या फेजमध्ये (एक लहर दुसरीच्या किती पुढे-मागे आहे त्यात) असतं, आणि ती फेज कोनाच्या दुप्पट सरकते. कोन ९० अंशांनी बदलला की ध्रुवणाचं चिन्ह उलटतं. अशा दोन वेळच्या नोंदी न सुधारता एकत्र केल्या तर हाती शून्य उरेल.

सगळ्यात घातक आहे ते ‘शेवटी करा’. संकेत आधी वळतो, मग फीडमध्ये एका ध्रुवणाची दुसऱ्यात गळती होते, मग गेन (यंत्राने संकेत कमी-जास्त करणं) लागतो. नोंदीतून हे उलट्या क्रमाने काढतात, म्हणजे वळण शेवटी, हे कबूल. पण गळती शोधताना कोन गणितात धरलेलाच असला पाहिजे. गळती फीडला चिकटलेली, ती जागेवर राहते. स्रोताचं ध्रुवण कोनाबरोबर फिरतं. दोन्ही वेगळी ओळखायची ती याच फरकावरून. कोन धरला नाही तर स्रोताचं खरं ध्रुवण गळती म्हणून पुसलं जातं. म्हणूनच ध्रुवित कॅलिब्रेटर (कॅलिब्रेशनसाठी पाहायचा स्रोत) रात्रभरात वेगवेगळ्या कोनांना पुनःपुन्हा पाहायचा असतो. ३सी १४७ सारखा जवळपास ध्रुवणरहित स्रोत घेतला तर एका नोंदीतही काम भागतं, पण ज्याचा अभ्यास करायचा त्या स्रोताच्या नोंदीतलं वळण तरीही काढावंच लागतं.

शंका असेल तर ३सी २८६ हा ध्रुवित स्रोत घ्या. सेंटिमीटर तरंगलांबीला त्याचा ध्रुवणकोन सुमारे ३३ अंश आहे. दर तासाला हा ध्रुवणकोन काढा. दुरुस्ती बरोबर असेल तर तो जागचा हलणार नाही, केलीच नसेल तर सरकत जाईल, आणि चिन्ह चुकलं असेल तर दुप्पट सरकेल.