सनपॅक शीट आणि फेविक्विक: फिरत असलेल्या सल्ल्याबाबत खुलासा

सनपॅक शीट पॉलिश पेपरने घासून फेविक्विक लावले की जोड कायमचा पक्का होतो, असा सल्ला मखर आणि फलक तयार करणाऱ्यांमध्ये फिरत आहे. तो बरोबर नाही. ही पन्हळी शीट बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि या प्लास्टिकची पृष्ठभाग-ऊर्जा इतकी कमी असते की द्रव डिंक त्यावर नीट पसरत नाही, साधा पाण्याचा थेंबही गोळा होऊन राहतो. घासल्याने हा गुणधर्म बदलत नाही. उलट आतल्या पोकळ नळ्यांवरची पातळ भिंत कमकुवत होते. पृष्ठभाग-ऊर्जा कमीच राहिल्याने सुकलेला डिंक पापुद्र्यासारखा निघून येतो. पीव्हीसी पाइपचे सॉल्व्हंट सिमेंटही येथे निरुपयोगी आहे, कारण ते या प्लास्टिकला विरघळवत नाही.

फेविक्विकच्या जातीचा डिंक वापरायचाच असेल, तर आधी पॉलिओलेफिनसाठीचा (पॉलिप्रॉपिलीन ज्या प्लास्टिक-गटात मोडते त्यासाठीचा) प्रायमर पातळ लावून सुकू द्यावा लागतो. मोठ्या जोडाला पॉलिप्रॉपिलीनसाठीच बनवलेला दोन भागांचा ॲक्रिलिक डिंक अधिक भरवशाचा आहे. तो महाग पडतो, तरी डब्यावर या प्लास्टिकचे नाव स्पष्ट छापलेले पाहूनच घ्यावा. ग्लू गन घरातल्या हलक्या सजावटीला चालते, उन्हात मात्र तिचा जोड मऊ पडतो. छपाईसाठी कोरोना प्रक्रिया (पृष्ठभागावर विजेचा विसर्ग सोडण्याची प्रक्रिया) केलेल्या शीटवर पकड बरी मिळते, पण त्या प्रक्रियेचा परिणाम काळानुसार ओसरतो. रस्त्यावर वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या फलकासाठी नुसत्या डिंकावर विसंबूच नये. रुंद वॉशर घालून रिव्हेट मारावेत किंवा केबल टायने बांधावे.