टाळ वाजवून लकवा बरा होतो, असं कोणी म्हटलं?

भाऊ, लकवा आणि पार्किन्सन (कंपवात) झालेल्यांना गाण्या-ठेक्याची मदत होते, असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट वाचली. गोळ्या-व्यायाम सोडून पेशंटला भजनाला बसवता, खेड्यातली माणसं आधीच बाबाकडे पळतात, आणि हे असले चोचले पुण्या-मुंबईचे, असं तुमचं म्हणणं. राग समजतो, पण गोळ्या सोडा असं मी लिहिलंच नाही बाप्पा. तोंड वाकडं झालं, हात पडला की आधी गाडी काढायची, कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि आपल्याकडे तेवढा वेळ तर धागा बांधण्यातच जातो.

मी बोलतोय ते त्याच्या नंतरच्या महिन्यांबद्दल. फिजिओ तालुक्याला, मधल्या दिवसांत घरी करायचं काय?

आमच्या काकाजींना पार्किन्सन आहे. अंगणात बरे चालतात, उंबरठा आला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे, मागून ढकललं तर पडतील. काकू ढकलत नाही, ताटलीवर चमच्यानं ठेका धरते, एक-दोन, एक-दोन, आणि ह्यांचा पाय उचलतो! जादू काहून असंल, मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन कमी पडलं की हालचाल सुरू करायचा आतला ठेका बिघडतो, मग बाहेरचा कामी येतो. अमेरिकेत 1996 च्या एका अभ्यासात पेशंटनी तीन आठवडे घरीच ठेक्यावर चालायचा सराव केला तर चालीचा वेग वाढला. पण सराव सुटला की फायदाही ओसरतो, आणि काकाजींच्या गोळ्या टायमावर चालूच आहेत.

बोलण्याचं वेगळं. लकव्यात मेंदूची डावी बाजू गेली तर माणसाला "पाणी" म्हणता येत नाही पण अभंगाची ओळ येते, असं होतं कधीकधी. त्यावरूनच बोस्टनच्या डॉक्टरांनी 1973 मध्ये सुरात बोलायला शिकवायची पद्धत मांडली. डाव्या हातानं टेबलावर टिचक्या मारत "पा-णी-दे" दोन सुरांत म्हणायचं, मग हळूहळू सूर कमी करत न्यायचा. अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स, 2011 मध्ये डोक्यात गोळी लागली होती, त्यांनाही परत बोलायला शिकताना गाण्याची मदत झाली. सगळ्यांना जमतंच असं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'अमुक राग ऐका, बीपी पळवा' म्हणणाऱ्यांचा मलाही वैतागच येतो.

राहिले चोचले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 2001 पासून पार्किन्सनवाल्यांचे डान्सचे क्लास चालतात, खरंय, पण आपल्याकडे खंजिरी आहे, भुलाबाईच्या टिपऱ्या आहेत, दिवाळीचा दंडार नाच आहे, त्याला कुठं फी लागते? फक्त तोल जाणाऱ्याला गोल फिरवू नका, खुर्चीत बसवून टिपऱ्या द्या, नाहीतर मांडीचं हाड मोडून बसाल.

तुम्ही शेवटी लिहिलं की आईला लकव्यानंतर नुसतं "हो" म्हणता येतं. पुढच्या खेपेला डॉक्टरांना स्पीच थेरपीचं विचारा, आणि आई जात्यावर, नाहीतर हरिपाठात कोणत्या ओळी म्हणायची ते मला कळवा. म्हणजे कुठून सुरू करायचं ते ठरवता येईल.