तुरुंगातल्या योहानाचा प्रश्न

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये कोणी दुःखाने म्हणाले, की देव मला विसरला आहे असे वाटते, तर आपण त्याला लगबगीने गप्प करतो. कोणी सांगतो, विश्वास कमी पडतो आहे. कोणी सुचवतो, एखादे पाप आड येत असेल. हे मला फार दिवसांपासून खटकते, कारण पवित्र शास्त्र अशा माणसाला गप्प करत नाही. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘तू मला कुठवर विसरणार?’ या प्रश्नाने होते, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर स्तुतीकडे न वळता अंधारातच संपते.

मला या संदर्भात बाप्तिस्मा करणारा योहान सर्वांत जवळचा वाटतो. गालीलचा अधिपती हेरोद अंतिपाने भावाची बायको आपली केली, हे अन्याय्य आहे असे त्याला तोंडावर सुनावल्यामुळे योहान कैदेत पडला. योसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार सांगतो, की त्याला मृत समुद्राच्या पूर्वेकडील माखैरस किल्ल्यात ठेवले होते. ज्याने यार्देन नदीत प्रभू येशूला बाप्तिस्मा दिला, तोच तिथून शिष्यांबरोबर वचनदत्त तारणाऱ्याविषयी त्याला निरोप धाडतो: येणारा तो आपणच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी?

येशूने उत्तरात यशया संदेष्ट्याच्या भाषेत सांगितले, की आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता ऐकायला मिळते. पण नासरेथच्या सभास्थानात यशयाचाच उतारा वाचताना त्याने उच्चारलेले बंदिवानांच्या सुटकेचे शब्द या उत्तरात नाहीत. ‘अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी’ ही स्वतःची ओळख योहानाने यशयातूनच घेतली होती. काय गाळले गेले, हे त्याच्या लक्षात आल्यावाचून राहिले असेल असे मला वाटत नाही. आणि खरोखरच त्याची सुटका झाली नाही. पुढे हेरोदाच्या वाढदिवशी त्याचा शिरच्छेद झाला.

मात्र निरोप आणणारे शिष्य निघून गेल्यावर येशू लोकसमुदायाकडे वळला आणि म्हणाला, की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. ज्याच्या मनात नुकतीच शंका आली होती, त्याच्याविषयीचे हे उद्गार आहेत! ते योहानाच्या कानी पडल्याचे शुभवर्तमानात कुठेही लिहिलेले नाही. कोठडीतल्या माणसाला आपण विसरले गेलो असे वाटत असेल, त्याच घटकेला बाहेर प्रभू त्याचे नाव गौरवाने घेत होता, आणि त्या प्रीतीत योहानाच्या प्रश्नामुळे तसूभरही उणे आले नव्हते.

आमच्या मंडळीत पूर्वी शब्बाथशाळा घेणाऱ्या एक बाई खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळल्या आहेत. उशाशी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची प्रत असते, पण गाताना साथ द्यायला कोणी नसते. दाराची बेल वाजली की दूधवाला, नाहीतर कुरिअरवाला. त्यांना ‘बरे वाटेल, फक्त विश्वास ठेवा’ असे मी सांगू शकत नाही, कारण बरे वाटेलच असे वचन मला कोणी दिलेले नाही. मला एवढे सांगता येते, की आपल्याला जाणवते तेवढीच देवाची प्रीती नसते. वधस्तंभावर प्रभूनेही बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत ‘तू माझा त्याग का केलास?’ असा आक्रोश केला. त्याचा विश्वास कमी पडला, असे आपण कोणी म्हणत नाही. पित्याचे उत्तर त्या शुक्रवारी आले नाही, तिसऱ्या दिवशी पुनरुत्थानाने आले.

म्हणून जे आजाऱ्यांच्या भेटीला जातात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: समोरचा माणूस रडत असेल तर लगेच उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा, तेरावे स्तोत्र त्याच्याबरोबर सावकाश वाचा, आणि त्याच्या मनातला प्रश्न त्याला देवापुढे मोठ्याने मांडू द्या.